लाकडातल्या लिग्निनपासून कार्बन नॅनोतंतू : वरसे-धाटाव परिसरात हा प्रयोग करायचा तर किती पैसे लागतील?

रोह्याला लागून असलेल्या वरसे ग्रामपंचायतीच्या हद्दीतून सकाळी धाटाव एमआयडीसीकडे निघणाऱ्यांत रसायनशास्त्र शिकलेली मुलेमुली बरीच असतात. कुणी क्वालिटी कंट्रोलमध्ये, कुणी प्लांटवर, कुणी ईटीपीवर. त्यांच्यातल्या काहींना स्वतःचे काही सुरू करायचे असते, काहींना एम.एस्सी.चा प्रकल्प करायचा असतो. अशांच्या बोलण्यात हल्ली एक विषय येतो. लाकडातले लिग्निन घ्यायचे, त्यात लोखंडाचा किंवा निकेलचा क्षार मिसळायचा, विजेच्या दाबाने त्याचे केसाहून कितीतरी बारीक तंतू ओढायचे आणि भट्टीत भाजून त्यांचा कार्बन करायचा. सुपरकॅपॅसिटर, बॅटरी, गाळणी, उत्प्रेरक असे त्याचे उपयोग सांगितले जातात. कच्चा माल जवळपास फुकट असतो, असेही सांगितले जाते.

कारखान्यात उरणाऱ्या लिग्निनपुरते हे म्हणणे खरे आहे, पण खर्चाचा अंदाज त्यावर बांधला तर तो चुकतो. पैसा नेमका कुठे जातो आणि कोणत्या क्रमाने खर्च केला तर तो वाया जात नाही, ते पुढे मांडले आहे. पुढचे रुपयांचे आकडे नियोजनासाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही दुकानाचे दरपत्रक नाही. प्रत्यक्ष कोटेशन आले की त्या जागी तुमचा आकडा घालायचा. हिशेबाची रीत तीच राहील.

आधी माल कुठून येतो ते पाहू. लाकडाच्या वजनात साधारण 20 ते 30 टक्के लिग्निन असते. कागदाच्या कारखान्यात लगदा वेगळा काढला की उरलेल्या काळ्या द्रवात ते उतरते आणि बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जाळले जाते. आपल्याकडे बल्लारपूरसारख्या कागद कारखान्यांची हीच पद्धत. लगद्याच्या कारखान्यातले दुय्यम पदार्थ विकत घेऊन त्यावर उद्योग उभा करणे रायगड जिल्ह्याला नवे नाही. महाडची प्रिवी कंपनी अशाच कारखान्यांतून निघणारे सल्फेट टर्पेंटाइन आणून त्यापासून सुगंधी रसायने बनवते. लिग्निनचा महाराष्ट्रातला सर्वांत दिसणारा वापर मात्र रस्त्यावर झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने सीएसआयआरच्या रस्ते संशोधन संस्थेबरोबर विकसित केलेले लिग्निनयुक्त जैव-बिटुमेन नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग 44 वर वापरले गेले. डिसेंबर 2024 मध्ये त्या तुकड्याचे उद्घाटन झाले. डांबरात लिग्निन जसेच्या तसे जाते, धाग्यात तसे जात नाही, आणि खर्चातला फरक तिथूनच सुरू होतो.

लिग्निनपासून कार्बनचा धागा काढण्याची कल्पनाही जुनी आहे. जपानच्या निप्पॉन कायाकू कंपनीने 1960 च्या दशकात असा धागा कायाकार्बन या नावाने बाजारात आणला होता. तो टिकला नाही, कारण पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून होणारा धागा अधिक मजबूत निघाला. नॅनो मापाच्या तंतूंचा रस्ता पुढे स्पेनमधल्या मालागा आणि सेव्हिल इथल्या संशोधकांनी दाखवला. त्यांनी 2007 साली बंधक पॉलिमर न वापरता, लिग्निनच्या अल्कोहोलमधल्या द्रावणापासून विजेच्या दाबाने तंतू काढले आणि त्यांचा कार्बन केला. त्याच गटाने द्रावणात प्लॅटिनमचा क्षार मिसळूनही तंतू काढले. वनस्पतीजन्य पदार्थ आणि धातू यांच्या जोडीने नॅनो कार्बन करण्याचे काम मुंबईतही झाले आहे. आयआयटी मुंबईतल्या प्रा. महेश्वर शेरॉन यांनी कापूर आणि वनस्पती तेले वापरून कार्बनच्या नॅनोनळ्या तयार केल्या होत्या. म्हणजे हे शास्त्र आपल्याला परके नाही, आणि सल्ला विचारायला जाणकार माणसे रोहा-दिवा गाडीच्या टप्प्यात आहेत.

क्षार कशासाठी घालायचा?

इथे जरा थांबायला हवे, कारण अंदाजपत्रकातली सर्वांत स्वस्त वस्तू हीच आहे आणि पुढचे सर्वांत महागडे परिणामही तिचेच आहेत.

लिग्निन नुसते भाजले तर त्याचा कार्बन अव्यवस्थित राहतो. ग्रॅफाइटसारखे थर त्यात सहज जुळत नाहीत. ते जुळवायचे तर 2,000 अंशांच्या पुढे जावे लागते, आणि तसली भट्टी लहान उद्योजकाच्या आवाक्यातली नाही. लोखंड, निकेल किंवा कोबाल्टचा क्षार द्रावणात असेल तर भाजताना त्याचे धातूचे सूक्ष्म कण होतात आणि त्या कणांभोवती 800 ते 1,000 अंशांच्या दरम्यानच ग्रॅफाइटचे थर बनू लागतात. म्हणजे क्षारामुळे भट्टीची किंमत वाचते. 1,200 अंशांची साधी ट्यूब फर्नेस पुरते. शिवाय क्षारामुळे द्रावणाची वीजवाहकता वाढते आणि तंतू बारीक निघतो.

क्षार विकत घेताना बाटलीचा भाव पाहू नका, त्यातल्या धातूचा भाव काढा. फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेटमध्ये वजनाने 20.7 टक्के लोखंड असते. आयर्न अॅसिटिलअॅसिटोनेटमध्ये 15.8 टक्के. पहिल्याची 500 ग्रॅमची बाटली 1,000 रुपयांना धरली तर लोखंडाचा एक ग्रॅम दहा रुपयांच्या आत पडतो. दुसऱ्याची 25 ग्रॅमची बाटली 3,000 रुपयांना धरली तर तोच ग्रॅम साडेसातशेच्या वर जातो. मग क्लोराइडच घ्यावे का? लहान चाचणीत घ्यायला हरकत नाही. पण भट्टीत क्लोराइडमधून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो स्टीलच्या फ्लँजला, नळ्यांना आणि शेजारच्या वायरिंगला खातो. ट्यूब फर्नेसचे फ्लँज आणि सील बदलायचा खर्च आला की क्षारात वाचवलेले पैसे कधीच संपलेले असतात. रोज भट्टी लावणार असाल तर महागडा क्षार परवडतो, महिन्यातून एकदा लावणार असाल तर क्लोराइड चालते आणि भट्टीच्या तोंडाशी अल्कलीच्या पाण्याची बाटली जोडायची. नायट्रेट स्वस्त असते, पण ते ऑक्सिडायझर आहे. सेंद्रिय पदार्थाबरोबर तापवताना ते अचानक भडकू शकते, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. निकेल आणि कोबाल्टच्या क्षारांपासून कर्करोगाचा धोका असतो. ग्लोव्हबॉक्स किंवा चांगला फ्यूमहूड नसेल तर लोखंडावरच थांबा.

मात्रा किती घालायची याचाही हिशेब करायला हवा. 10 ग्रॅम लिग्निनला 3 टक्के लोखंड घालायचे, म्हणजे 0.3 ग्रॅम. भाजल्यावर लिग्निनचे सुमारे 40 टक्के वजन उरते, म्हणजे 4 ग्रॅम कार्बन. लोखंड मात्र तेवढेच राहते. तयार तंतूत ते 7 टक्के भरते. इलेक्ट्रोडसाठी हे चालू शकते, काही कामांना नको असते. नको असेल तर पातळ आम्लाने धुवावे लागते, आणि त्या धुवणाचे पाणी हा वेगळा खर्च आहे. त्याकडे पुढे येऊ.

कोकणातल्यांसाठी आणखी एक सूचना. फेरिक क्लोराइड हवेतले पाणी ओढते. जूनमध्ये उघडलेली बाटली जुलैत चिखल होते, आणि मग वजन करून घेतलेल्या क्षारात लोखंड किती आणि पाणी किती हे सांगता येत नाही. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. 100 ग्रॅमच्या लहान बाटल्या आणि एक डेसिकेटर घ्या.

लिग्निन घेताना कोणते प्रश्न विचारायचे?

बाजारात सर्वांत सहज मिळते ते लिग्नोसल्फोनेट. काँक्रीटमध्ये प्लास्टिसायझर म्हणून आणि पशुखाद्याच्या गोळ्यांना चिकटपणा आणायला ते जाते. किलोवर मिळते आणि स्वस्त असते. आपल्या कामाला ते बहुधा चालत नाही. ते पाण्यात विरघळते, तंतूचे द्रावण ज्यात करतात त्या डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) या द्रावकात नीट विरघळत नाही, त्यात गंधक भरपूर असते आणि राखही फार. विक्रेता ‘लिग्निन’ म्हणून तेच देतो आणि घेणाऱ्याला फरक भट्टीतून माल निघाल्यावर कळतो. म्हणून खरेदीपूर्वी लेखी तीन गोष्टी मागा : हे क्राफ्ट, ऑर्गॅनोसॉल्व्ह की सल्फोनेट, राखेचे प्रमाण किती, लाकूड मऊ जातीचे की कठीण जातीचे. तंतूसाठी राख 0.1 टक्क्याच्या आसपास हवी. कच्च्या क्राफ्ट लिग्निनमध्ये ती काही टक्के असू शकते. पातळ आम्लाने धुवून ती कमी करता येते, पण त्यात वेळ, पाणी आणि पुन्हा वाळवण आले.

लाकडाची जात विचारण्याचे कारण वेगळे आहे. पाइनसारख्या मऊ लाकडाचे लिग्निन तापवताना आपसांत लवकर जोडले जाते, त्यामुळे तंतूचा आकार टिकतो. निलगिरी, सुबाभूळ अशा आपल्या कठीण लाकडांचे लिग्निन आधी मऊ पडते. घाईने तापवले की तंतू एकमेकांना चिकटून काळा पापुद्रा होतो. ते वापरता येते, पण तापवण्याचा वेग मिनिटाला अर्धा अंश किंवा त्याहून कमी ठेवावा लागतो. वेळ वाढला म्हणजे मजुरी वाढली.

सॉ मिलचा भुसा आणून घरीच लिग्निन काढावे का, हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर नाही असे आहे. अल्कली, दाबपात्र, आम्ल, गाळण, धुवण आणि सांडपाणी एवढा सगळा व्याप 100 ग्रॅमसाठी करायचा, आणि हाती येणाऱ्या मालाची प्रत दर वेळी वेगळी. पहिल्या वर्षी तयार लिग्निन घ्या. लॅब कॅटलॉगमधले आयात क्राफ्ट लिग्निन 100 ग्रॅमला 8,000 रुपये धरा. त्याआधी उत्पादक कंपन्यांना महाविद्यालयाच्या किंवा उद्यम नोंदणीच्या पत्रावर नमुना मागून पाहा. नमुने मिळतात.

पहिला टप्पा : यंत्र न घेता, सुमारे एक लाखात

द्रावणाची पिचकारी, तिच्या सुईला 15 ते 20 हजार व्होल्टचा दाब आणि समोर वीतभर अंतरावर अॅल्युमिनियमचा कागद. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, वाटेत द्रावक उडतो आणि कागदावर जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’सारखे जाळे साचते. यंत्र दिसायला सोपे आहे, आणि म्हणूनच लोक आधी यंत्र घेतात. त्या मोहात पडू नका. इलेक्ट्रोस्पिनिंगचे यंत्र अनेक विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत पडून असते. सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कोणते उपकरण कुठे आहे ते शोधता येते आणि वेळही मागता येतो. आयआयटी मुंबईतल्या सैफ केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापासूनच्या चाचण्या बाहेरच्यांना शुल्क भरून करून मिळतात. माटुंग्याची आयसीटी, तिथलीच कापूस तंत्रज्ञानाची सिरकॉट, पुण्याची एनसीएल आणि आपल्याच जिल्ह्यातले लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ ही चौकशीची पुढची ठिकाणे.

दर विचारताना एक लक्षात ठेवा. अशा केंद्रांत विद्यार्थी, शासकीय संस्था आणि उद्योग यांचे दर वेगवेगळे असतात, आणि फरक कित्येक पटींचा असू शकतो. प्रकल्प महाविद्यालयाच्या मार्गदर्शकाबरोबर करत असाल तर अर्ज महाविद्यालयामार्फतच करा. मात्र विकायच्या मालाची चाचणी विद्यार्थ्याच्या नावावर करून घेऊ नका, अहवाल पुढे बँकेला किंवा ग्राहकाला दाखवता येणार नाही.

हिशेब असा मांडता येईल. लिग्निन, डीएमएफ, थोडेसे पॉलिइथिलीन ऑक्साइड, दोन क्षार आणि काचसामान मिळून 25,000 रुपये. पॉलिइथिलीन ऑक्साइड लागते ते नुसत्या क्राफ्ट लिग्निनचा धागा टिकत नाही, थेंब थेंब पडतो म्हणून. एक टक्क्याच्या आसपास घातले तरी पुरते. तंतू ओढण्याच्या दहा बैठका 1,500 रुपये दराने 15,000. भट्टीच्या सहा फेऱ्या 2,000 दराने 12,000. चाचण्यांत सूक्ष्मदर्शकाखालचे सहा नमुने 9,000, तापवताना वजन कसे घटते ते पाहण्याचे चार नमुने 4,000, रामनचे चार 4,000, क्ष-किरण विवर्तनाचे तीन 2,100 आणि पृष्ठफळाचे दोन 5,000. चाचण्यांची बेरीज 24,100. बैठका, भट्टी आणि चाचण्या यांवर 18 टक्के जीएसटी धरला तर त्याचे 9,200 होतात. प्रवास आणि कुरिअरला 8,000. एकूण 93,000 च्या घरात. एखाद-दुसरी फेरी वाया जाणार हे गृहीत धरून एक लाख बाजूला ठेवा.

यातही बचत करता येते. पहिल्या तीन नमुन्यांना महागड्या चाचण्या लावू नका. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली मणी दिसले, पापुद्रा दिसला, तर तो नमुना तिथेच संपला. रामन आणि पृष्ठफळ हे शेवटच्या दोन नमुन्यांसाठी. पण क्षार घातलेल्या प्रत्येक नमुन्याबरोबर क्षार न घातलेला एक नमुना त्याच दिवशी, त्याच भट्टीत भाजून घ्या. तो नसेल तर क्षाराने काय साधले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि लाखभराचा प्रयोग नुसत्या फोटोंवर संपतो.

स्वतःचे यंत्र घ्यायचेच असेल तर

हाय व्होल्टेज सप्लाय एक लाख, सिरिंज पंप 60 हजार, एक्झॉस्टसह बंदिस्त कपाट 80 हजार, फिरता ड्रम 70 हजार, दोन्ही टोकांना वायुबंद फ्लँज असलेली 1,200 अंशांची ट्यूब फर्नेस साडेतीन लाख, प्रोग्रॅमर असलेला ओव्हन 80 हजार, नायट्रोजनचा रेग्युलेटर, फ्लोमीटर आणि नळ्या 35 हजार, चार दशांशांचा तराजू 80 हजार, वाफा धुण्याचा स्क्रबर 60 हजार, अर्थिंग आणि वायरिंग 40 हजार, मास्क, हातमोजे, वायूचे अलार्म 25 हजार. बेरीज 9 लाख 80 हजार, जीएसटी धरून साडेअकरा लाखांवर.

आता यातून निघते किती ते पाहू. एक सुई तासाला साधारण एक मिलीलिटर द्रावण सोडते. त्यात 25 टक्के घन पदार्थ धरला तर आठ तासांत दोन ग्रॅम जाळे. भाजल्यावर 0.8 ग्रॅम. दिवसभराच्या कामाचा माल एक ग्रॅमसुद्धा नाही.

पाच दिवसांचे जाळे साठवून सहाव्या दिवशी एकदम भाजले तर चार ग्रॅम कार्बन होतो. त्याचा खर्च मांडू. सहा दिवसांची मजुरी 900 रुपयांनी 5,400. यंत्रांचा घसारा, म्हणजे साडेअकरा लाख पाच वर्षांत आणि वर्षाच्या 250 दिवसांत वाटले तर दिवसाला 920, सहा दिवसांचे 5,520. वीज तीसेक युनिट, 300 रुपये. डीएमएफ 35 रुपये. नायट्रोजनचे मोठे सिलिंडर सुमारे सात घनमीटरचे असते. मिनिटाला 200 मिलीलिटर वायू दहा तास सोडला आणि आधी नळी धुवायला थोडा वापरला तर एका फेरीला दीडशे लिटर लागतात, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पंचेचाळीस फेऱ्या. उच्च शुद्धतेचे सिलिंडर 2,500 ला धरले तर फेरीला 56 रुपये. सगळे मिळून 11,300. यात लिग्निन धरलेले नाही. लॅबचे महागडे लिग्निन धरले तर 10 ग्रॅमचे 800 रुपये वाढतात आणि खर्च 12,100 वर जातो.

ग्रॅमला तीन हजारांच्या आसपास पडले. लिग्निन अगदी फुकट मिळाले तरी त्यात सात टक्क्यांहून अधिक फरक पडत नाही. स्वस्त कच्च्या मालाचा मुद्दा या पातळीवर लागूच होत नाही. दहा सुया लावल्या आणि भट्टी तेवढा माल सामावू शकली तर ग्रॅमचा खर्च तीनशेच्या आसपास येतो. तेव्हा मात्र 100 ग्रॅम लिग्निन लागते, लॅबच्या दराने त्याचे 8,000 होतात आणि ग्रॅमचा खर्च पाचशेकडे सरकतो. स्वस्त लिग्निन शोधण्याची वेळ ही. त्याआधी जो महिनाभर भाव करत बसतो तो चुकीच्या ओळीवर पैसे वाचवत असतो. डीएमएफचाही विचार याच टप्प्यावर येतो. एक किलो कार्बन तंतूमागे साडेसात किलो डीएमएफ हवेत उडते. ते पकडायची सोय न करता सुया वाढवणे हा गुन्हा आहे.

यंत्राचे कोटेशन घेताना विचारायचे ते असे. भट्टीचे 1,200 अंश हे कमाल तापमान आहे की सलग चालवण्याचे? बहुतेक भट्ट्या कमाल आकड्याच्या 50 ते 100 अंश खाली चालवाव्या लागतात. समान तापमानाचा पट्टा किती सेंटीमीटर? तुमचा माल तेवढ्याच जागेत नीट भाजला जाईल. वीज गेली आणि परत आली तर प्रोग्रॅम जिथे थांबला तिथून पुढे जातो की पहिल्यापासून सुरू होतो? पावसाळ्यात रोहा भागात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण हवेतले स्थिरीकरण 250 अंशांपर्यंत मिनिटाला अर्ध्या अंशाने जाते आणि त्याला सात-आठ तास लागतात. मधेच खंड पडला तर तो माल गेला. फ्लँजची गळती विक्रेता तुमच्यासमोर तपासून दाखवेल का? आत हवा शिरली तर कार्बन जळून जातो आणि दोष क्षारावर जातो.

पावसाळ्याचा आणखी एक खर्च अंदाजपत्रकात कोणी धरत नाही. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की सुईच्या टोकाशीच द्रावण गोठू लागते, तंतूंवर छिद्रे आणि मणी येतात. कोकणात जून ते सप्टेंबर हेच असते. डिह्युमिडिफायरला 30 ते 40 हजार ठेवा, नाहीतर तंतू ओढण्याचे काम ऑक्टोबर ते मे आणि पावसाळ्यात भाजणे, चाचण्या, लिखाण अशी वाटणी करा. पहिल्या वर्षी मी दुसरा पर्याय घेईन.

घरात करू नका

रोह्याच्या वरसे, भुवनेश्वर भागात नव्या इमारती झाल्या आहेत, आणि फ्लॅटची एखादी खोली रिकामी असतेच. तिथे हे काम करू नये. डीएमएफ त्वचेतून शरीरात जाते, यकृताला आणि गर्भाला अपाय करते. थळच्या आरसीएफने हे रसायन बनवले आहे, जिल्ह्यातल्या कारखान्यांना ते ओळखीचे आहे, म्हणून त्याची भीती मोडते आणि तेच धोक्याचे आहे. त्याचा फ्लॅश पॉइंट 58 अंश आहे, आणि सुईशी उडणारी ठिणगी वाफ पेटवू शकते. बंद खोलीत नायट्रोजन गळला तर माणूस काही न कळता बेशुद्ध पडतो. भट्टीच्या तोंडातून कार्बन मोनॉक्साइड येतो. तयार तंतू कोरडे झटकले तर हवेत उडून फुप्फुसात जातात. अल्कोहोलमध्ये विरघळणारे ऑर्गॅनोसॉल्व्ह लिग्निन घेऊन डीएमएफ टाळता येते. पण अल्कोहोल साठवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी पाहावी लागते आणि ते डीएमएफपेक्षा लवकर पेटते.

गाळा भाड्याने घ्यायचा तर एमआयडीसी किंवा औद्योगिक वापराची जागा, आणि काम सुरू करण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. आम्लाने धुतलेल्या लोखंडी-निकेली पाण्याचे काय करणार, हे तिथे विचारले जाईल. ते गटारात सोडले तर कुंडलिकेत जाते. या नदीने आधीच पुष्कळ सोसले आहे. धाटावचा सामायिक प्रक्रिया प्रकल्प ज्यांना जोडून घेतो त्यांचेच पाणी घेतो, आणि धातूयुक्त गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे रीतसर पाठवावा लागतो. त्याचे शुल्क आधी विचारून अंदाजपत्रकात घाला. धुवण टाळणे हा सर्वांत स्वस्त मार्ग : लोखंड आत राहिले तरी चालेल असाच उपयोग निवडा.

उपयोगाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तुम्हाला विहिरीचे पाणी गाळायचे असेल तर यातले काहीही करू नका. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कार्बन किलोवर मिळतो आणि ते काम चांगले करतो. नॅनोतंतूंना अर्थ आहे तो जिथे ग्रॅमभर मालाला किंमत मिळते तिथे : संशोधन प्रयोगशाळांना नमुने पुरवणे, सुपरकॅपॅसिटरच्या इलेक्ट्रोडची चाचणी, उत्प्रेरकाचा आधार. घेणारा एक तरी नक्की झाल्याशिवाय साडेअकरा लाखांना हात लावू नये.

कर्ज, अनुदान आणि तक्रार

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. त्यासाठी कोणी दोन-तीन हजार मागत असेल तर देऊ नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प धरला जातो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना 35 टक्के अनुदान आहे. वरसे ग्रामपंचायत असल्याने जागा तिथे असेल तर ग्रामीण दराची विचारणा जरूर करा. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात होते. दोन्हीकडे बँकेचा होकार लागतो, आणि बँकेचा अधिकारी पहिला प्रश्न विक्रीचा विचारतो. पहिल्या टप्प्यातला चाचणी अहवाल आणि घेणाऱ्याचे पत्र तेव्हा उपयोगी पडते.

यंत्र सदोष निघाले तर काय? व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे विक्रेते हमखास सांगतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला अपवाद आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक मानली जात नाही. एकट्याने किंवा घरच्यांच्या मदतीने काम करत असाल तर हा मार्ग खुला राहतो. रायगड जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 1915. त्यासाठी खरेदीच्या वेळीच ऑर्डरमध्ये कमाल आणि सलग तापमान, समान पट्ट्याची लांबी, गळतीची चाचणी आणि वीज गेल्यावरचे वर्तन या चारही गोष्टी लिहून घ्या. शेवटचे 20 टक्के पैसे यंत्र तुमच्या गाळ्यात बसून एक पूर्ण फेरी झाल्यावर देण्याची अट घाला. तोंडी आश्वासनावर आगाऊ पूर्ण रक्कम मागणाऱ्याकडून भट्टी घेऊ नका, मग ती पन्नास हजारांनी स्वस्त का असेना.